आठ महिन्यांचा वुल्फडॉग, चार वर्षांचा मुलगा आणि दुपारी घरी एकट्या आजी

कोलोरॅडोत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवऱ्याने हौसेने वुल्फडॉगचं, म्हणजे लांडगा आणि कुत्र्याच्या संकराचं, पिल्लू आणलं. ब्रीडरने 'साठ टक्के लांडगा' असं सांगून विकलं. जन्म नोव्हेंबरातला, आता आठ महिन्यांचा झालाय, वजन तीस किलोच्या आसपास. चार वर्षांच्या मुलाच्या पायाशी झोपतो, मुलाने कान ओढले तरी हूं की चूं करत नाही. पुढच्या महिन्यात साताऱ्याहून सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत आणि त्यांनी फोनवरच धसका घेतलाय. "हा मुलासाठी सुरक्षित आहे ना? आणि आईंची भीती कशी घालवू?" सोबत तीन फोटो. शेवटी जाता जाता एक वाक्य: "आई आल्या की डेकेअर बंद करणार आहोत, दुपारी त्या आणि मुलगा घरीच असतील."

ताई, तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. तुम्ही दोघं ऑफिसात, घरात एक म्हातारं माणूस, एक चार वर्षांचं मूल आणि अजून वाढणारा एक दांडगा प्राणी. पायाशी झोपणारं आजचं पिल्लू गोड आहे की नाही, यावर याचं उत्तर मिळत नाही. आईंची भीती घालवायच्या फंदात तर पडूच नका. सध्या त्या घरात सगळ्यात शहाणं त्याच बोलतायत.

मी इथे अमेरिकेत कुत्र्यांच्या वर्तनाचं काम करते. वुल्फडॉग म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जनावरांत खरोखर लांडग्याचं रक्त असलेली थोडी, हस्की-मॅलाम्यूट-जर्मन शेफर्डची सरमिसळ असलेली पुष्कळ. त्यामुळे पहिलं काम म्हणजे हा आहे तरी कोण, ते बघणं.

'साठ टक्के' हा आकडा ब्रीडरच्या वहीतला असतो. आईत इतके टक्के, बापात तितके, बेरीज करून भागिले दोन. एक पालक पूर्ण लांडगा असेल तर पहिल्या पिढीला हा हिशोब चालतो. पुढच्या पिढ्यांत एकाच वेताच्या दोन भावंडांत लांडग्याचा वाटा बराच कमी-जास्त निघू शकतो. आणि मुळात आजोबा लांडगा होता हेच ऐकीव असेल, तर पुढच्या सगळ्या गणिताला अर्थ नाही. आता जन्माचा महिना बघा. लांडगीण वर्षातून एकदाच माजावर येते, हिवाळा सरता सरता. साधारण नऊ आठवड्यांनी, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, पिल्लं होतात. कुत्री वर्षातल्या कुठल्याही महिन्यात विते. नोव्हेंबरातलं पिल्लू म्हटल्यावर माझ्या मनात पहिली शंका तिथेच आली. हा पुरावा नव्हे, पण खूण आहे.

फोटोंतही तेच दिसतं. डावा डोळा निळसर आहे. लांडग्याच्या पिल्लांचे डोळे जन्मतः निळे असतात, पण काही आठवड्यांत पिवळसर किंवा तपकिरी होतात. आठव्या महिन्यात निळा राहिलेला डोळा कुत्र्याकडून आलेला. शेपटी पाठीवर वळलेली आहे, लांडग्याची सरळ खाली लोंबते. दुसऱ्या फोटोत तो समोरून उभा आहे, तिथे छाती बघा. लांडग्याची छाती इतकी अरुंद असते की पुढचे पाय एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात आणि पंजे बाहेरच्या अंगाला वळलेले असतात. पंजाही शरीराच्या मानाने अंमळ मोठाच, मधली दोन बोटं लांब. तुमच्या गड्याचे पाय छान अंतर राखून, पंजे गोल. माझा अंदाज: लांडगा असलाच तर थोडा. पण अंदाजावर थांबू नका. गालाच्या आतून काडी फिरवून नमुना पाठवायचा डीएनए संच मिळतो, आणि चांगल्या कंपन्यांच्या चाचणीत लांडग्याचा वाटा वेगळा दाखवतात. तो आधी मागवा.

तुम्ही म्हणाल, चला, म्हणजे कुत्राच आहे, सुटलो! तसं नाही. डीएनए अहवालाने दोन गोष्टी बदलतील: कायदा आणि कुंपण. मुलाच्या बाबतीतले नियम एका अक्षराने बदलणार नाहीत. मॅलाम्यूट आणि हस्कीतही शिकारीची ओढ दांडगी असते, आणि पूर्ण वाढल्यावर चाळीस किलोचं जनावर चार वर्षांच्या पोरावर नुसतं खेळत आपटलं तरी पोराचं काही खरं नाही.

मग आठ महिने इतका शांत राहिला त्याचं काय? त्याचा आनंद माना, पण त्यावर भिस्त ठेवू नका. आठव्या महिन्यातलं जनावर अजून पोरच आहे. लांडगा जवळजवळ दोन वर्षांचा झाल्यावर वयात येतो. मोठ्या जातीचे कुत्रेही मनाने पक्व व्हायला दीड ते तीन वर्षं घेतात. याच काळात जागा, खाणं, माणसं यांवरचा हक्क दाखवायला सुरुवात होते. लांडग्याचा अंश जास्त असेल तर हिवाळ्यात, म्हणजे प्रजननाच्या हंगामाच्या सुमारास, उन्हाळ्यातला लाडोबा अंगावर येऊ लागतो. पाळणारे त्याला 'विंटर वुल्फ सिंड्रोम' म्हणतात. अमेरिकेतल्या आश्रयस्थानांत वुल्फडॉग येऊन पडतात ते बहुतेक याच वयात. 'काल-परवापर्यंत किती गुणी होता' हे वाक्य मी मालकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्यांनी बोलायला सुरुवात केली तरी पुढचं मला पाठ असतं. तो बिघडलेला नसतो, मोठा झालेला असतो.

आणि कान ओढल्यावर तो काही करत नाही, हे मला अजिबात आवडलेलं नाही. पुढच्या वेळी मुलगा कान ओढेल तेव्हा त्याचं तोंड बघा. ओठ चाटतो का, जांभई देतो का, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो का, अंग ताठ होतं का. तुम्हाला जे 'काही करत नाही' वाटतंय, त्यात तो बरंच काही सांगत असण्याची शक्यता आहे. आणि बघितलंत की लगेच थांबवा, कारण कान ओढणं आजपासून बंद. तो कधी गुरगुरला तर त्याला मारू नका, ओरडू नका. मुलाला बाजूला घ्या. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे. ती देऊ नको असं शिकवलंत तर तो न सांगता चावायला शिकेल.

यापेक्षा मला जास्त काळजी आहे ती ज्याच्या आधी सूचनाच मिळत नाही त्याची. रागाने चावणं वेगळं आणि शिकार वेगळी. शिकारीत राग नसतो, म्हणून गुरगुरणंही नसतं. क्रम ठरलेला असतो: नजर लागते, दबा धरला जातो, पाठलाग, झडप, चावा. कुत्र्यांत माणसाने हा क्रम जातीजातीनुसार तोडला-जोडला. मेंढ्या राखणारा बॉर्डर कॉली नजर लावून पाठलागापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. लांडग्यात तो पूर्ण शाबूत असतो, आणि संकरात कुठला तुकडा उतरला हे कुणी सांगू शकत नाही.

हे घरात कसं दिसतं ते सांगते. मुलगा अंगणात पळतोय, मध्येच धडपडतो, किंचाळतो. जनावर होतं तिथे थबकतं. डोकं खांद्यांच्या रेषेखाली येतं, कान पुढे, तोंड मिटलेलं, शेपूट ना हलत ना वर, पापणी लवत नाही. हाक मारली तर कानसुद्धा फिरत नाही. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. पाहणारा म्हणतो, 'बघ कसं लक्ष ठेवतोय दादावर!' तो राखण करत नाहीये. धावणं, पडणं, लंगडणं, बारीक चिरका आवाज, हातपाय झाडत रडणं हे सगळं शिकाऱ्याच्या डोळ्यांना जखमी सावजासारखं दिसतं. तान्ह्या बाळाचं तर बघायलाच नको. असं थबकणं दिसलं तर त्याला हाका मारत बसू नका. मध्ये उभं राहा, मुलाला उचलू नका (उचललेलं, पाय हलवणारं मूल आणखी भुरळ घालतं), अंगाने त्याची नजर तोडा, पट्ट्याने धरून त्याला दुसऱ्या खोलीत न्या. आणि त्याच आठवड्यात वर्तनाचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्यकाची वेळ घ्या.

आता नियम. मूल आणि जनावर एकत्र असतील तेव्हा एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, जागं, मोबाइल खाली ठेवून. 'त्याच खोलीत आहे' एवढं पुरत नाही; सोफ्यावरून उठून पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. एकत्र झोपणं बंद. मुलगा अंगणात खेळत असेल तेव्हा तो आत, तो अंगणात असेल तेव्हा मुलगा आत. खाणं वेगळ्या खोलीत, दार लावून. हाडं, चघळायच्या वस्तू मूल जागं असताना घरात नकोतच. लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मीच यांनी लिहून ठेवलंय की कळपातला अगदी खालचा लांडगाही स्वतःच्या तोंडाजवळचं मांस वरच्यालासुद्धा घेऊ देत नाही. तुमच्या मुलाच्या हातात बिस्किट असतं तेव्हा ते त्या जनावराच्या बरोबर तोंडाच्या उंचीवर असतं, हे लक्षात घ्या. वाढदिवसाला मुलं येतील तेव्हा तो दोन बंद दारांपलीकडे हवा; एक दार कुणीतरी पोर हमखास उघडतं.

दुपारचं. आजी आणि नातू घरी असताना हा घरात मोकळा नको, म्हणजे नकोच. यात 'आधी बघू कसं जमतंय' हा टप्पा नाही. सासूबाई घाबरलेल्या असणार, दबकत चालणार, पदर हलणार, कदाचित हातात काठी. बुजऱ्या जनावराला असं माणूस नवखं आणि संशयास्पद वाटतं, आणि शिकारी वृत्तीच्या जनावराला आणखी काही वाटू शकतं. शिवाय काही झालंच तर तीस-चाळीस किलोच्या जनावराला त्या आवरणार कशा? त्यांच्याकडून अपेक्षा एकच: त्यांना कुठलंही दार उघडावं लागू नये. खायला घालणं, फिरवणं, आत-बाहेर करणं सगळं तुम्ही दोघांनी सकाळी आणि संध्याकाळी. त्यांनी 'माझ्याने नाही व्हायचं' म्हटलं तर डेकेअर सुरू ठेवा. सहा महिन्यांच्या डेकेअरचे पैसे या सगळ्यात सगळ्यात स्वस्त पडतील.

मग दुपारी त्याने राहायचं कुठे? क्रेटमध्ये (घरातल्या छोट्या पिंजऱ्यात) आठ-नऊ तास ठेवणं क्रूर आहे आणि लांडग्याचा अंश असेल तर तो क्रेटचा पार चुराडा करतो, दात तुटले तरी थांबत नाही. साखळीला बांधू नका. बांधलेलं जनावर चिडखोर होतं आणि त्याच्या टप्प्यात पोर गेलं तर त्याला पळायलाही जागा नसते, म्हणून ते चावतं. अंगणात स्वतंत्र पिंजरा-आवार हवं. डीएनएत लांडगा नगण्य निघाला तर सहा फूट जाळी भागेल. बऱ्यापैकी निघाला तर आठ फूट, वरचा भाग आतल्या बाजूला कललेला, आणि खाली जमिनीलगत आतून दोन-तीन फूट जाळी आडवी पसरून मातीखाली दाबलेली, कारण ते उकरण्यात पटाईत असतात. दारं दोन, एकामागे एक, मध्ये माणूस उभं राहील इतकी जागा. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्हींना कुलूप, मुलाच्या हाती लागणार नाही अशी किल्ली. आवाराभोवती तीन-चार फुटांवर आणखी एक साधं कुंपण घाला, म्हणजे शेजारच्या पोरांची बोटं जाळीत जाणार नाहीत. जमिनीत तार पुरून पट्ट्यातून झटका देणारं 'अदृश्य कुंपण' मिळतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. पाठलागाच्या भरात जनावर झटका सोसून पार होतं, आणि परत यायला मात्र घाबरतं.

तुमचे मिस्टर त्याला 'बॉस कोण ते कळावं' म्हणून पाठीवर पाडून दाबून धरतात, असंही लिहिलंय. त्यांना हे आजच थांबवायला सांगा. या 'अल्फा' प्रकरणाचं, म्हणजे कळपात दादागिरी करणारा एक म्होरक्या असतो या कल्पनेचं, मूळ लांडग्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या लेखनात आहे, आणि त्यांनी पाहिलेले लांडगे पिंजऱ्यातले होते. ही कल्पना पुढे लोकप्रिय करणाऱ्यांत वर सांगितलेले डेव्हिड मीच हेही होते, आणि जंगलातल्या लांडग्यांना वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्यांनीच ती मोडीत काढली: कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, रोजची सत्तास्पर्धा नव्हे. पाठीवर पाडलेलं जनावर एवढंच शिकतं की हा माणूस जवळ आला की जिवाला धोका. बापावर त्याची हिंमत होणार नाही; घरातलं सगळ्यात लहान माणूस मात्र त्याच्या उंचीचं आहे.

मिस्टरांचा दुसरा मुद्दा, युरोपात तर ही रीतसर जात आहे. आहे. चेकोस्लोव्हाकियात १९५५ साली सीमेवरच्या कामासाठी म्हणून कार्पेथियन लांडगा आणि जर्मन शेफर्डचा संकर सुरू झाला, आणि ती जात एफसीआयने (कुत्र्यांच्या जातींना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) १९९९ मध्ये कायम मान्य केली. नेदरलँड्समध्ये त्याआधीच लेंडर्ट सारलोस यांनी कामाचा कणखर कुत्रा मिळेल या आशेने लांडगीण वापरली. हाती आली ती बुजरी, अंग चोरणारी जनावरं. दोन्हींमागे पिढ्यानपिढ्यांची निवड आणि नोंदी आहेत, आणि तरी जाणते लोक ती पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला देत नाहीत. जाहिरात बघून गावाबाहेरच्या फार्मवरून आणलेल्या पिल्लाशी त्यांची तुलना नको.

आता कायदा, आणि इथे मला थोडं थांबून सांगायचंय, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं. अमेरिकेत वुल्फडॉग राज्यागणिक वेगळा. न्यूयॉर्क, मिशिगन, जॉर्जिया इथे सर्वसामान्य माणसाला पाळायला बंदी आहे. काही राज्यांत परवाना लागतो, आणि जिथे राज्य काही म्हणत नाही तिथे काऊंटी (जिल्हा) किंवा शहर म्हणतं. तिघांचेही नियम लेखी मिळवा. होमओनर्स इन्शुरन्सची (घराच्या विम्याची) कागदपत्रं काढून बघा. बऱ्याच पॉलिसींत लांडग्याचा संकर नावानिशी वगळलेला असतो. म्हणजे शेजारच्या मुलाला ओरखडा आला तर खटला तुमच्या खिशातून.

सगळ्यात कठीण रेबीजचं. अमेरिकेत कुत्रा चावला तर त्याला दहा दिवस बंद ठेवून निरीक्षण करतात. कुत्र्याच्या लाळेत विषाणू आला की थोड्याच दिवसांत तो आजारी दिसतो आणि मरतो हे माहीत आहे, म्हणून दहा दिवस धडधाकट राहिला तर माणूस सुरक्षित. लांडगा आणि त्याच्या संकरांसाठी हा कालावधी अधिकृतपणे ठरलेला नाही, आणि त्यांच्यासाठी परवाना मिळालेली रेबीजची लसही नाही. पशुवैद्य कुत्र्याची लस देतात, ती द्याच, पण कागदावर ती ग्राह्य धरली जाईल याची हमी नाही. त्यामुळे वुल्फडॉग म्हणून नोंद असलेलं जनावर चावलं तर आरोग्य खातं त्याला मारून मेंदू तपासायचा आदेश देऊ शकतं. मुलाच्या हाताला खेळता खेळता दात लागून रक्त आलं, तुम्ही इमर्जन्सीत गेलात, तिथे 'कोण चावलं?' विचारलं, तुम्ही 'वुल्फडॉग' म्हणालात, एवढ्यावर त्याचा निकाल लागू शकतो. जनावरावर खरंच प्रेम असेल तर चावायची वेळच येऊ न देणं हा त्याच्याही जिवाचा प्रश्न आहे.

म्हणूनच, ब्रीडरच्या शब्दावर पशुवैद्याच्या फॉर्मवर '६०% लांडगा' लिहून टाकू नका. आणि लांडगा निघाला तर 'हस्की मिक्स' म्हणून खोटंही लिहू नका. अहवाल येऊ द्या, जे असेल ते लिहा. नसबंदी कधी करायची हे त्याच भेटीत विचारा; करायची आहे हे नक्की. त्याच भेटीत जाळीदार मुसक्याची सवय कशी लावायची तेही शिकून घ्या, म्हणजे दवाखान्यात आणि पाहुण्यांत उपयोगी पडेल.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी थोडं. भारतात लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. माळावर घळीत पिल्लं दिसली म्हणून उचलून आणणं हा गुन्हा आहे. तिथून लांब व्हा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बहुतेक वेळा आई आसपासच असते. पुण्याजवळच्या माळरानावर भटक्या कुत्र्यांशी लांडग्यांचा संकर झाल्याचं जनुकीय अभ्यासातून सिद्ध झालं आणि ते २०२३ मध्ये प्रसिद्धही झालं. तिथे ती लांडग्यांपुढची आपत्ती आहे, पाळायची हौस नव्हे. आणि बंगळुरूच्या एका गृहस्थांनी पन्नास कोटींना वुल्फडॉग घेतल्याची बातमी २०२५ मध्ये सगळीकडे फिरली होती. ईडीने चौकशी केल्यावर तो दावा खोटा निघाल्याच्या बातम्या आल्या, पण त्या कमी लोकांनी वाचल्या. विक्रेते अशाच हवेवर जगतात.

ताई, शेवटी एक अवघड गोष्ट. आवार बांधणं परवडत नसेल, भाड्याचं घर असेल, किंवा दोघांपैकी एकाचाही दिवसाला दोन तास त्याला द्यायचा विचार नसेल, तर हा निर्णय सासूबाई यायच्या आधी घ्या, चावल्यानंतर नको. ब्रीडरच्या करारात परत घ्यायची अट आहे का बघा. लांडगा नगण्य निघाला तर हस्की-मॅलाम्यूटच्या बचाव संस्था त्याला चांगलं घर शोधून देऊ शकतात, आणि आठव्या महिन्यात ते सोपं असतं. जास्त निघाला तर तुमच्याच राज्यात वेस्टक्लिफजवळ मिशन वुल्फ आहे, आणखीही एक-दोन आश्रयस्थानं आहेत. सगळी भरलेली असतात, म्हणून आजच फोन करून यादीत नाव घाला आणि सल्ला विचारा. त्यांच्याकडची माणसं कुंपणाबद्दल माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. सामान्य शेल्टरला सोडू नका. वुल्फडॉग म्हणून नोंद झाली की बऱ्याच ठिकाणी त्याला दत्तक देत नाहीत, इंजेक्शन देऊन मारतात.

डीएनए अहवाल यायला काही आठवडे लागतील. तोवर त्याला जास्त अंशाचाच समजून वागा: मुलापासून दाराआड, बाहेर दुहेरी पट्ट्याने, अंगणात एकटा कधीच नाही. अहवाल आला की टाका इथे, आणि एक फोटो समोरून, चारही पाय दिसतील असा, सपाट जमिनीवर. कुंपणाची उंची मग त्यावरून ठरवू.